बद्द वाजणारा दगड

जुन्या इमारतीचा दगड वाजवून बघतात, हे बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसतं. नकाशे, फोटो, परवानग्यांची फाईल हे सगळं आधी होतं; खरं काम सुरू होतं ते परांची बांधून झाल्यावर. पाथरवट लाकडी हातोडीने एकेक दगड ठोकत पुढे जातो आणि मी मागोमाग चित्रात त्या दगडावर खूण करत जाते. धड दगड खणखणीत वाजतो, आतून सुटलेला बद्द वाजतो. आमच्याकडे यंत्रंही आहेत. पण ज्यांची हयात छिन्नी-हातोड्यावर गेली त्या आमच्या मामांच्या कानावर माझा भरवसा जास्त आहे.

इमारत मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधली. काम अजून चालू असल्याने नाव लिहीत नाही. मे संपत आला होता आणि पावसाच्या आत चौथ्या मजल्यावरची कॉर्निस, म्हणजे भिंतीबाहेर आलेली आडवी दगडी पट्टी, सुरक्षित करायची होती.

या भागातली जमीनच मुळी गोदीतून आलेली. अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आताचा इंदिरा डॉक, खणताना निघालेली माती-दगड टाकून बॉम्बे पोर्ट ट्रस्टने समुद्रात सुमारे २२ एकरांची भर घातली. तिच्यावर १९१४ ते १९१८ या काळात कचेऱ्यांची ही वसाहत उभी राहिली. आराखडा जॉर्ज विटेट यांचा, ज्यांनी गेटवे ऑफ इंडिया आणि प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमही केलं. जहाज कंपन्या आणि व्यापारी पेढ्यांना त्यांनी मनाला येईल तशा इमारती बांधू दिल्या नाहीत. उंची, शैली, कॉर्निसची रेघ, सगळं शिस्तीत. म्हणूनच इथे एका इमारतीची कॉर्निस बिघडली की अख्खा रस्ता बोडका दिसतो.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी मामा एका ब्रॅकेटपाशी थांबले. कॉर्निसच्या पोटाला टेकलेला, वेटोळं कोरलेला मालाडचा पिवळसर दगड. त्यांनी दोनदा ठोकला, मग तळहात टेकवून पुन्हा ठोकला. "ताई, ह्यो बोलंना." मी वाकून पाहिलं. वेटोळ्याच्या मागे, वरून खाली, केसाएवढी भेग होती आणि तिच्या कडेने तांबूस ओघळ. दगडाला गंज येत नाही. ओघळ तांबूस असेल तर आत लोखंड आहे, आणि ते फुगतंय.

खाली बरोबर त्याच रेषेत फुटपाथवर डबेवाले, कारकून, गोदीतले एजंट अशी जेवणाच्या वेळची गर्दी. मी ताबडतोब रस्सी बांधायला लावली, माणूस उभा केला. लोक रस्सी उचलून खालून जात होते. अडवलं तर "दोन मिनिटांचा प्रश्न आहे मॅडम" म्हणत होते. डोक्यावर चार मजले उंचीवर दोन माणसांना न उचलणारा दगड सुटायला आलाय, हे सांगूनही वर बघायची कोणाला फुरसत नव्हती. शेवटी दोन बाकडी आडवी टाकली आणि तासभर भांडत उभी राहिले.

मालकांचा इंजिनीअर आला तो तोडगा घेऊनच. तोडून टाका, एफआरपीचा, म्हणजे फायबर घातलेल्या प्लॅस्टिकचा, साचा काढून बसवू, रंग दिला की खालून कळत नाही. माणूस वाईट नाही, पण त्याला इमारत म्हणजे फक्त रस्त्यावरून दिसणारा चेहरा वाटते. मुंबईची वारसा नियमावली १९९५ची, देशातली अशी पहिली. तिच्यामुळे हे दर्शनी भाग वाचले, याबद्दल मला कृतज्ञता आहे. पण सांध्यात काय भरलं जातं ते फुटपाथवरून दिसत नाही, आणि खरी वाट तिथेच लागते.

या इमारतीची तशीच लागली होती. मधल्या काळात कोणीतरी चुन्याचे सांधे खरवडून सिमेंट भरलं होतं. चुना दगडापेक्षा मऊ असतो. भिंतीत शिरलेलं पाणी सांध्यांवाटे बाहेर पडतं, झिजायचं ते चुना झिजतो, आणि काही वर्षांनी तो पुन्हा भरायचा असतो. सिमेंट कडक. दगड आणि त्याच्यामध्ये बारीक फट पडते, त्यातून पाणी आत जातं आणि बाहेरची वाट बंद. मग ते दगडातूनच निघू बघतं, क्षार पृष्ठभागाखाली साठतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. हे सगळं माहीत असूनही निविदेत सिमेंट येतं. दरसूचीत त्याची ओळ तयार असते आणि कळीचा चुना भिजवून, चाळून मुरवत ठेवायला कोणाला वेळ नसतो. सर्वांत कमी दराच्या कंत्राटदाराला वारशाचं काम देणं ही पद्धतच बंद व्हायला हवी.

कॉर्निसला खालून टेकू दिले आणि मामांनी ब्रॅकेटभोवतीचं सिमेंट काढायला घेतलं. कंत्राटदाराच्या मुलांनी ग्राइंडर पुढे केला, तो त्यांनी बाजूला ठेवला. आधी सांध्याच्या बरोबर मध्ये बारीक छिद्रं पाडली. मग छिन्नी दगडाकडे नाही, आतल्या पोकळीकडे झुकवून हलके ठोके. असं केलं की सिमेंट स्वतःच्या अंगात कोसळतं आणि दगडाची कड बहुतेक वाचते. फार सावकाश चालतं हे. मी कितीतरी जागी हे काम पाहिलंय, इतक्या निगुतीने करणारा हात दुसरा पाहिला नाही.

संध्याकाळी चेन-पुलीवर दगड बाहेर आला. त्याला भिंतीशी बांधणारा लोखंडी क्रॅम्प गंजून मूळ जाडीच्या दुपटीहून जास्त फुगला होता. त्याच जोराने दगड चिरला. आणि भिंतीत गाडलेलं शेपूट? मधासारखा रंग, टाकीचे घाव अगदी ताजे. बाहेरचं टोक काजळीने काळवंडलेलं, आतलं काल खाणीतून आणल्यासारखं.

एफआरपीचा विषय तिथेच संपला. इंजिनीअरने त्या शेपटावरून हात फिरवला आणि काही बोलला नाही. दगड स्टेनलेस स्टीलच्या सळ्या घालून जोडला. ग्रेड ३१६, कारण खारा वारा साध्या ग्रेडला सोडत नाही. चुना-सुरखीत, म्हणजे चुना आणि विटांच्या भुकटीत, तो जागच्या जागी बसवला आणि वरच्या सगळ्या सांध्यांतलं सिमेंट काढलं.

अडलंय ते खालच्या मजल्यांवर. तिथलं सिमेंट दगडाला घट्ट धरून आहे. थोडा भाग नमुन्यादाखल उघडला. काही सांधे स्वच्छ सुटले, काहींनी दगडाची कड बरोबर आणली. मामांचं म्हणणं, जे धरून बसलंय त्याला हात लावू नका, गेलेली कड परत यायची नाही. मला खिडक्यांच्या बाजूला पांढरे क्षार दिसतात, सुटू लागलेले पापुद्रे दिसतात. ठेवलं तर दगड आतून जाईल, काढलं तर कडा आजच जातील. मालाडचा तसा नवा दगड आता मिळत नाही. पाडलेल्या इमारतींतला जुना मिळाला तर मिळाला. निम्मे सांधे उघडून निम्मे ठेवावेत, असाही एक विचार आहे. पण मग पाणी उघड्या सांध्यांकडे खरंच वळेल का, की बंद सांध्यांमागे तसंच साठत राहील?

दिवाळीनंतर परांची पुन्हा चढेल. मालाडच्या दगडावरचं घट्ट सिमेंट ज्यांनी काढलंय किंवा जाणूनबुजून ठेवलंय, त्यांनी दोन-चार पावसाळ्यांनंतर भिंत कशी दिसली ते मला कृपया कळवावं.