बोंडअळीचे दिवस नाही, ऊब मोजायला शिकलो

2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भातली कपाशी पोखरली, तेव्हापासून आमच्या घरी एकच प्रश्न असायचा : फवारणी नेमकी कधी घ्यायची? नागपूर जिल्ह्यात सावनेर तालुक्यात आमचं शेत आहे. दर पंधरवड्याला पंप काढायचा, हा गावाचा शिरस्ता. एखाद्या वर्षी तो लागू पडायचा, एखाद्या वर्षी बोंड फोडलं की आत अळी बसलेलीच. असं का होतं, ते कोणालाच सांगता येत नव्हतं.

उलगडा झाला तो नागपुरात वर्धा रोडवरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत, शेतकरी प्रशिक्षणाला गेलो तेव्हा. कीटकाला अंगची ऊब नसते. हवा तापली की त्याची वाढ भराभर होते, गारठली की रेंगाळते, आणि एका मर्यादेखाली थांबतेच. गुलाबी बोंडअळीसाठी ही मर्यादा 13 अंश सेल्सिअसच्या आसपास. तिच्यावरची रोजची ऊब साठत जाते. पुरेशी साठली की अंड्यातून अळी, अळीचा कोष, कोषातून पतंग. या साठ्याला अंश-दिवस म्हणतात. पिकांच्या बाबतीत हा विचार फ्रान्सचे शास्त्रज्ञ रेओम्यूर यांनी 1735 मध्येच मांडला होता. इतकी जुनी गोष्ट आमच्या बांधावर यायला एवढा काळ लागावा, याची मला फार हळहळ वाटली.

नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून कमाल-किमान तापमापक आणला. तो उन्हात टांगून चालत नाही, ऊन लागलं की आकडा फुगतो. म्हणून फळ्यांची, चारी बाजूंनी वारा खेळेल अशी पेटी करून पांढरा रंग दिला आणि छातीच्या उंचीवर बसवली. रोज सकाळी दोन आकडे वहीत उतरवायचे.

हिशेब सोपा आहे. सप्टेंबरात कमाल 32, किमान 24 असेल तर सरासरी 28; त्यातून 13 वजा केले की त्या दिवसाचे 15 अंश-दिवस. डिसेंबरात कमाल 28, किमान 12 असेल, तर किमान आकडा 13 धरायचा, कारण त्याखालच्या गारठ्यात अळी वाढत नाही, पण वाढलेली मागेही जात नाही. मग हाती येतात साडेसात. म्हणजे सप्टेंबरात जी पिढी महिनाभरात पुरी होते, तिला डिसेंबरात जवळपास दुप्पट वेळ. पंधरवड्याचा शिरस्ता का फसायचा, ते या दोन आकड्यांत मला दिसलं. फार उष्णतेतही हे गणित जसंच्या तसं चालत नाही. पस्तिशीच्या पुढे वाढ उलट मंदावते.

पण मोजायला सुरुवात कुठून करायची? इथे कामगंध सापळे लागतात, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढून घेणारे सापळे. हेक्टरी 5 लावले. सलग तीन रात्री एका सापळ्यात 8 किंवा जास्त पतंग आले, की आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे उपाय करणं परवडेल इतक्या नुकसानीची हद्द, ओलांडली असं धरतात. अंश-दिवसांची बेरीज मात्र मी पहिले पतंग सातत्यानं दिसू लागले त्या दिवसापासून धरली. सोबत डोमकळ्या, म्हणजे अळी आत असल्यानं नीट न उमललेली फुलं, शोधायच्या आणि हिरवी बोंडं फोडून पाहायची. वही फक्त कधी बारकाईनं पाहायचं ते सांगते. खरी साक्ष बोंडच देतं.

हे का महत्त्वाचं? अंड्यातून निघालेली अळी थोड्याच वेळात पात्यांत (फुलाच्या कळ्यांत) आणि बोंडांत शिरते आणि मग औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. सापडला तर तेवढाच वेळ.

सगळ्यात अवघड गेलं ते बाबांना थांबवणं. "पंधरा रोज झाले ना, पंप काढतो मी," ते म्हणायचे. मी म्हणायचो, "बाबा, ढगाळ आहे, बेरीज फारशी पुढे सरकली नाही. उद्या बोंडं फोडून पाहू, मग ठरवू." वाद झाले, पण ते बोंडं फोडायला सोबत आले, आणि नंतर सकाळचे आकडे स्वतःच वाचू लागले.

त्याच वहीनं फरदडीचाही, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी उभी ठेवून जादा पीक घेण्याचाही, निकाल लावला. दिवस लहान झाले, गारवा आला की बऱ्याच अळ्या वाढ थांबवून सरकीत नि वाळल्या बोंडांत सुप्त पडून राहतात आणि पुढच्या हंगामात पतंग होऊन निघतात. जानेवारीत पाणी देऊन पऱ्हाटी (कपाशीची झाडं) उभी ठेवणं म्हणजे त्यांना घर देणं. आता डिसेंबरअखेर आमचं शेत मोकळं होतं, उरलेल्या बोंडांसकट पऱ्हाटी नष्ट करतो, आणि मे महिन्यात खोल नांगरट करून जमिनीतले कोष नागपूरच्या उन्हात उघडे पाडतो.