तुम्ही विचारलंत म्हणून: पिक्चर कधी काढताय?

परवा चुलतभावाच्या साखरपुड्यात जिलेबी वाढणाऱ्या पोरानं विचारलं, "ताई, पिक्चर कधी काढताय?" मी पानावरून मान वर करेपर्यंत तो चार पानं पुढं गेला होता. त्याला उत्तर नकोच होतं. कुणालाच नको असतं. तरी एकदा देऊन टाकते.

मी फिल्म स्टडीजमध्ये एम.ए. केलं. कोलकात्याला, जादवपूर विद्यापीठात. 1993 साली तिथं हा विभाग सुरू झाला, देशातला पहिला. दोन वर्षांत मी कॅमेऱ्याला हात लावला नाही. आम्ही सिनेमा वाचायला शिकलो. मराठीत एम.ए. केलेल्याला 'कादंबरी कधी येतेय' म्हणून कुणी अडवत नाही. अर्थशास्त्रवाल्याला 'बँक कधी काढताय' विचारत नाहीत. मलाच का?

हे वाक्य मी इतक्या लग्नांत वापरलंय की ते आता गुळगुळीत झालंय. शिवाय ते पुरतं प्रामाणिकही नाही. त्याकडे येते.

दुसरा प्रश्न, "मजा आहे बाबा, पिक्चर बघून डिग्री!" याला मी हसून सोडते. फक्त एवढंच सांगते की माझा प्रबंध ज्या पिक्चरवर होता, तो मी पाहिलेलाच नाही. पाहताच येत नाही. बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश', 1925, कोल्हापूरचा मूकपट. शेतकऱ्याची जमीन सावकाराच्या घशात जाते आणि तो गिरणीत राबायला शहरात जातो. शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. प्रत शिल्लक नाही. 1936 साली पेंटरांनी तोच बोलपट म्हणून पुन्हा काढला, ती गोष्ट वेगळी. मूकपटाचं आपल्या हातात उरलंय काय, तर थोडे फोटो, जाहिराती, कुणाकुणाच्या आठवणी. त्यावर मी ऐंशी पानं लिहिली.

त्यातल्या एका आठवणीनं मला दोन महिने झोपू दिलं नाही. चित्रपट निर्माते-दिग्दर्शक जे.बी.एच. वाडिया यांची. अंधूक उजेडातली एक भकास झोपडी, दुरून घेतलेली, आणि कुत्र्याचं रडणं. ती आठवण 1925च्या चित्रपटाची म्हणून सांगितली जाते. आता मूकपटात कुत्रं ऐकू कसं आलं? बोलपटाची आठवण मूकपटात मिसळली असेल? थिएटरात पडद्याशेजारी बसून कुणी आवाज काढला असेल? की वाडियांनी नुसतं पाहिलं आणि ऐकलं? गाईड म्हणायच्या, "यातच तुझं प्रकरण आहे." मला त्यात फक्त कुत्रं दिसत होतं.

तर त्याच काळात, तिसऱ्या सेमिस्टरला, मी गणपतीला घरी आले. हावड्याहून आझाद हिंद एक्सप्रेस, पुण्यात उतरून एसटी. तासगावच्या पुढं आमच्या फाट्यावर उतरले तर निवाऱ्याच्या पत्र्याला फ्लेक्स. वर गणपती, दोन्ही कडांना कानाला मोबाईल लावलेले मंडळाचे कार्यकर्ते आणि मधोमध मी. दहावीच्या निरोप समारंभातला फोटो, गाल गुलाबी केलेले. खाली, 'आपल्या गावची सुकन्या, भावी दिग्दर्शिका, हिचा भव्य सत्कार'. खोटं सांगत नाही, पहिल्यांदा राग आला तो फोटोचा.

घरी बोलायला वेळच मिळाला नाही. आई म्हणाली, "आंघोळ कर, साडी काढून ठेवलीय." आरतीनंतर स्टेजवर नेलं. सरपंच, पतसंस्थेचे चेअरमन, दहावीत पहिली आलेली एक पोरगी आणि मी. निवेदक माईकवर ओरडला, "उद्या ताईंच्या पिक्चरमध्ये आपल्या मंडळाचा गणपती दिसलाच पाहिजे!" शिट्ट्या. शाल, श्रीफळ, फेटा. फेटा सैल होता, तो एका हातानं धरून ठेवावा लागत होता. मग माईक माझ्याकडं आला.

तिथं मी सांगू शकले असते. दोन वाक्यांचं काम होतं. ती दोन वाक्यं मी गाडीत, हॉस्टेलात, मैत्रिणींसमोर शंभरदा म्हटली होती. मी म्हणाले, "आपल्या गावाची गोष्ट पडद्यावर आणायचा मी नक्की प्रयत्न करेन."

कुणी जबरदस्ती केली नव्हती. टाळ्या पडत होत्या तेव्हा मी अण्णांना, म्हणजे वडिलांना, शोधत होते. ते तिसऱ्या ओळीत, कडेला, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. टाळ्या वाजवत नव्हते. कार्यक्रमाच्या पत्रिकेची उभी घडी घालून ती बोटांत धरलेली, कंडक्टर नोटा धरतात तशी. तीस वर्षं एसटीत तिकिटं फाडली, ती सवय गेलेली नाही. खाली मान घालून ते त्या घडीकडं बघत होते.

रात्री मी भांडले. कुणी सांगितलं मंडळाला हे? अण्णांनीच सांगितलं होतं. मजकूरसुद्धा त्यांनीच वहीच्या कागदावर लिहून दिला होता.

"अहो अण्णा, पण मी दिग्दर्शिका नाही!"

"मग? भावीच लिहिलंय. आत्ताची कुठं लिहिलंय?"

"भावीसुद्धा नाही!"

"लोकांना मग काय सांगू गं? पोरगी कलकत्त्याला जाऊन दुसऱ्यांचे पिक्चर बघते?"

पुढं मी जे बोलले ते लिहीत नाही. आईनं दार लोटून घेतलं, शेजारी पाहुणे होते.

आता ते गाल गुलाबी केलेलं तोंड आमच्या गोठ्यामागं कडब्याच्या गंजीवर आहे. फ्लेक्स चांगला निघाला. पाणी आत जात नाही.

आणि आता त्या वाक्यातला अप्रामाणिकपणा. 'मला दिग्दर्शन कधी करायचंच नव्हतं' असं मी सगळ्यांना सांगत आले. एम.ए.च्या आधी मी पुण्यात, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात जी फिल्म इन्स्टिट्यूट (एफटीआयआय) आहे, तिथल्या दिग्दर्शनाच्या कोर्सची प्रवेश परीक्षा दोनदा दिली होती. दोन्हीदा नाव लागलं नाही. दुसऱ्या वेळी अण्णा रजा टाकून बरोबर आले होते. परीक्षा सुटेपर्यंत केंद्राबाहेर रस्त्याकडेच्या झाडाखाली डबा मांडीवर घेऊन बसले होते. त्यांना माहीत होतं. म्हणजे फ्लेक्सवरचं 'भावी' अडाणीपणातून आलेलं नव्हतं. त्यांनी माझंच जुनं वाक्य छापून आणलं होतं, आणि ते जुनं झालंय हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं.

जुनं झालंय का? त्या वेळची मी म्हणायची, झालंय. अभ्यास ही काही नापासांची जागा नाही. हे मला आजही पटतं. एक जुना पिक्चर नीट वाचता येणं हे एक वाईट पिक्चर काढण्यापेक्षा मोठं काम आहे, असंही मी म्हणायचे. आज वाटतं, दुसरा पिक्चर वाईटच निघणार हे मी आधीच का ठरवून टाकलं होतं?

भांडणानंतर दोन दिवसांनी अण्णांनी परड्यात खाट टाकताना सहज विचारलं, "मग तिथं करतेस काय नक्की?" मी कुत्र्याचं सांगितलं. झोपडी, मूकपट, आवाज, दोन महिने. मला वाटलं जांभई देतील.

"त्यात काय?" म्हणाले. "कुत्रं मान वर करून रडतं. नुसती मान वर दिसली की आवाज आपल्याला येतोच की. गाडीच्या काचेतून कितीदा बघितलंय. इंजिनाच्या आवाजात काय ऐकू येतंय? पण अंगावर काटा येतो."

कोलकात्याला परत गेले आणि तिसरं प्रकरण चार दिवसांत लिहून झालं. प्रेक्षकाच्या देहातली श्रवणस्मृती, असं काहीतरी त्याला नाव दिलं. गाईडनी समासात 'उत्तम' लिहिलं. ऋणनिर्देशात अण्णांचं नाव आहे, 'आईवडिलांच्या पाठिंब्याशिवाय' या ओळीत. तिसऱ्या प्रकरणात नाही. हे मी त्यांना सांगितलेलं नाही. त्यांना इंग्रजी प्रबंध वाचता येत नाही, त्यामुळं प्रश्नही आलेला नाही.

सध्या मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर जनसंवाद शिकवते आणि मालिकांची इंग्रजी सबटायटल्स करते, मिनिटाच्या हिशेबानं पैसे. प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा झालीय, जागा निघत नाहीत. हे सांगितलं की समोरचा हळहळतो आणि मग, दोन घास खाऊन, "पण पिक्चर काढा एखादा" म्हणतोच. कपाटात एक वही आहे, बारा पानं लिहिलेली, त्यात झोपडी आहे. ती टाकून दिलेली नाही. उघडलेलीही नाही.

मंडळाचं यंदा पंचविसावं वर्ष आहे. वर्गणीची पावती मागच्याच आठवड्यात मोबाईलवर आली, खाली लिहिलंय, 'ताई, या वेळी यायलाच पाहिजे'. अण्णांना मी सांगितलंय, सुट्टी नाही, दिवाळीला येते.