मोती, ट्रेलर आणि कालव्याकाठचे ते अकरा किलोमीटर

"कालव्याकाठची वाट पूर्ण सपाट आहे, सायकलला एकदम मस्त." निघायच्या आधी हे मी तीन वेगवेगळ्या लोकांकडून ऐकलं. तिघांपैकी कुणीही खोटं बोललं नव्हतं. पण त्यांच्या सायकलींना दोन चाकं होती आणि माझ्या सायकलीमागे आणखी दोन चाकांचा ट्रेलर होता, त्यात माझी 23 किलोची कुत्री, मोती. त्या सपाट वाटेच्या 11 किलोमीटरना मला 4 तास 20 मिनिटं लागली. दुसऱ्या कुणाला लागू नयेत म्हणून हे लिहिते आहे.

चार दिवस, साधारण 210 किलोमीटर. पहिला दिवस डांबरी रस्ता, काही अडचण नाही. थेट दुसऱ्या दिवसावर येते.

वाटेवर मोटारसायकली शिरू नयेत म्हणून जागोजागी लोखंडी खांब रोवलेले आहेत. दोन खांबांमधली फट 75 सेंटीमीटर. माझा ट्रेलर चाकाच्या बाहेरच्या टोकापासून टोकापर्यंत 81 सेंटीमीटर. सहा सेंटीमीटरसाठी प्रत्येक वेळी काय करावं लागतं ते ऐका: सायकल खांबाला टेकवायची, मोतीचे पट्टे सोडायचे, तिला उतरवून झाडाला बांधायचं, हिच (सायकल आणि ट्रेलर जोडणारा सांधा) सोडायची, सायकल पलीकडे न्यायची, मग रिकामा ट्रेलर एका चाकावर तिरका करून फटीतून काढायचा आणि सगळं उलट्या क्रमाने पुन्हा जोडायचं. घाई न करता दहा मिनिटं. असे अडथळे नऊ होते. म्हणजे दीड तास निव्वळ खांबांत गेला. चौथ्या अडथळ्यानंतर मोती आत चढायलाच तयार होईना आणि तिचं बरोबरच होतं.

म्हणून पहिला सल्ला: आपल्या ट्रेलरची रुंदी सेंटीमीटरमध्ये तोंडपाठ ठेवा. वाटेची चौकशी करताना "रस्ता कसा आहे" असं विचारू नका. "फाटकं, खांब, अरुंद पूल आहेत का, आणि फट किती" एवढंच विचारा. समोरच्याला सांगता येत नसेल तर ती वाट सोडा आणि मोठा रस्ता धरा, दहा किलोमीटरचा वळसा पडला तरी.

खांबांपेक्षा वाईट होत्या चाकोऱ्या. ट्रॅक्टरच्या जाण्यायेण्याने वाटेला दोन खोल चर पडलेत आणि मधे गवताचा उंचवटा. नुसती सायकल चरातून निवांत जाते. ट्रेलर लावला की मात्र सायकल चरात खाली आणि ट्रेलरची दोन्ही चाकं दोन बाजूंना चाळीसेक सेंटीमीटरवर, एक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरं बाहेरच्या काठावर. तोवर ठीक चालतं. पण हँडल जरा हललं की एक चाक घसरून चरात येतं, दुसरं वरच राहतं, आणि अख्खा ट्रेलर कलंडतो. एकचाकी ट्रेलर सायकलच्याच रेषेत मागून येतो, त्याला हा त्रास नाही. दोनचाकी ट्रेलरला तीन वेगळ्या रेषा लागतात आणि हे विकताना कुणी सांगत नाही.

पाचव्या अडथळ्यापुढे तेच झालं. पाण्यात एक बगळा उभा होता, मोती त्याला बघायला उजवीकडे उभी राहिली आणि त्याच क्षणी उजवं चाक चरात गेलं. वेग ताशी सात-आठ किलोमीटर असेल. ट्रेलर पूर्ण आडवा पडला. हिचचा सांधा फिरणारा असल्यामुळे सायकल उभीच राहिली, नाहीतर मीही खाली गेले असते. आत मोती हार्नेसला लोंबकळत होती, चारही पाय हवेत, आवाज नाही. दहा-बारा सेकंद लागली असतील तिला सोडवायला. तिला खरचटलंसुद्धा नव्हतं. पण तो पट्टा मी हार्नेसऐवजी गळपट्ट्याला अडकवला असता तर त्या दहा सेकंदांत काय झालं असतं याचा विचार मी रात्रभर करत होते. कुत्र्याला ट्रेलरमध्ये गळपट्ट्याने बांधू नका. कधीच नाही, पाच मिनिटांसाठीही नाही. छातीभोवतीचा हार्नेस, आणि त्याला दोन बाजूंनी दोन आखूड पट्टे. बसता येईल, कूस बदलता येईल, पण डोकं बाहेर काढून उभं राहता येणार नाही एवढीच लांबी.

ट्रेलर उभा केल्यावर दिसलं की हिचच्या खिळीला आडवी बसणारी तारेची क्लिप गायब आहे. गवतात अडकून निघाली असणार. खिळ नुसती भोकात उभी होती, वरून बंद नव्हती. चेनस्टेला, म्हणजे फ्रेमच्या मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीला, गुंडाळलेला सुरक्षा पट्टा होता म्हणून खिळ निघाली असती तरी ट्रेलर सुटून कालव्यात गेला नसता. किल्ल्यांच्या जुडग्यातली गोल कडी काढून मी तिथे ओवली आणि उरलेला प्रवास त्यावर झाला. एक जादा खिळ आणि दोन क्लिपा सोबत ठेवाच. मुठीत मावतात, पण वाटेत कुठल्याही दुकानात मिळत नाहीत. आणि तो सुरक्षा पट्टा कटकटीचा वाटला तरी दर वेळी लावा.

आता वजनाबद्दल, कारण इथेच माझी सगळ्यात जास्त दिशाभूल झाली. ट्रेलरवर लिहिलं होतं कमाल 34 किलो. मी हिशेब केला: मोती 23, प्लायवुडची फळी 2, पाणी आणि बाकी सामान 9. बरोबर 34. कागदावर चोख. पण वजन किती यापेक्षा ते कुठे आहे हे महत्त्वाचं असतं. पाण्याचे सहा लिटर मी मागच्या कप्प्यात टाकले होते. त्यामुळे ट्रेलरचा पुढचा दांडा वर उचलू बघत होता, सायकलच्या मागच्या चाकावरचा भार कमी होत होता, आणि पहिल्याच खडीच्या चढाला चाक जागेवर फिरायला लागलं. उतारावर तर शेपूट हलावं तसा ट्रेलर डावी-उजवीकडे झुलत होता.

दांड्याचं टोक नेहमी थोडं खाली दाबलेलं हवं. सामान तोलायचा हुकाचा छोटा काटा मिळतो, तो टोकाला अडकवून दांडा हिचच्या उंचीवर धरा. माझ्यासारख्या, भरून 47 किलो होणाऱ्या ट्रेलरला 3 ते 4 किलो भार दिसला की गाडी शांत चालते. पण कुत्रा म्हणजे हलणारं सामान. मोती नुसती वीतभर मागे सरकली तर टोकावरचा भार चारेक किलोंनी कमी होतो, म्हणजे होता तेवढा सगळा जातो. घरी काट्यावर तोललेलं वाटेत टिकत नाही ते यामुळे. तिसऱ्या दिवशी मी घोंगडीची घट्ट वळकटी करून मोतीच्या मागे ठासली, पाणी सायकलच्या पिशव्यांत हलवलं, आणि झुलणं थांबलं. एवढी साधी गोष्ट पहिल्या दिवशी सुचायला हवी होती.

प्लायवुडची फळी का, तर आतलं कापड झोळीसारखं लोंबतं. कुत्र्याला त्यावर नीट बसता येत नाही, मग ते सारखं उभं राहतं आणि वजन वर जातं. फळी, त्यावर न घसरणारी चटई. एवढ्यावर मोती तासभर शांत झोपते.

विकणाऱ्याने आणखी एक सांगितलं होतं: "कुठल्याही सायकलला बसतो." बसत नाही. माझ्या सायकलला मागे 12 मिलिमीटरचा थ्रू-एक्सल आहे, म्हणजे चाकातून आरपार जाऊन फ्रेममध्ये आट्यांवर आवळला जाणारा आस. त्यासाठी हिच बसवायला वेगळा, जास्त लांबीचा एक्सल लागतो, आणि त्याच्या दोन आट्यांमधलं अंतर 1.0, 1.5 किंवा 1.75 मिलिमीटर यांपैकी कुठलं हे आधी मोजावं लागतं. तो एक्सल त्याच माणसाने नंतर मला वेगळा विकला, अवाच्या सवा किमतीला, आणि पहिला आणला तो चुकीच्या आट्यांचा. ट्रेलर घेताना आपल्या एक्सलवर कोरलेले आकडे फोटो काढून न्या आणि दुकानातच जोडून, दोनशे मीटर ओढून मगच पैसे द्या. चेनस्टेला आवळून बसणारा हिच कार्बनच्या फ्रेमला लावू नका, कुणी काहीही सांगितलं तरी.

तिसरा दिवस: डांबर, झाडी, 62 किलोमीटर. छान होता.

चौथ्या दिवशी घाट. माझं वजन, सायकल, ट्रेलर, मोती, पिशव्या सगळं धरून 137 किलो. माझा सगळ्यात हलका गिअर पुढे 30 दात, मागे 34. ताशी पाच किलोमीटरने चढताना त्यात पायडल मिनिटाला 44 वेळा फिरतं, म्हणजे प्रत्येक फेरी गुडघ्यावर. पुढे 22 आणि मागे 36 असते तर त्याच वेगाला 63 फेऱ्या मिळाल्या असत्या. ट्रेलर घेऊन डोंगरात जायचं तर आधी गिअर बदला, बाकी खर्च नंतर. मी शेवटचे दोन किलोमीटर मोतीला उतरवून चालत, सायकल ढकलत गेले. त्यात कमीपणा काही नाही, आणि तिलाही पाय मोकळे करायचे असतात. फक्त तिला सायकलला किंवा ट्रेलरला बांधून चालवू नका, दोरी हातात धरा.

चढावर दुसरा धोका उन्हाचा. आपण घामाघूम होतो म्हणून आपल्याला कळतं. कुत्र्याला घाम येतो तो जवळपास फक्त पंजांना, बाकी सगळं धापेवर. ताशी पाच किलोमीटरला ट्रेलरमध्ये वारा शिरत नाही आणि प्लास्टिकची खिडकी बंद असेल तर आत भट्टी होते. खिडकी गुंडाळा, जाळी ठेवा, वर फिकट कापड टाका, दर वीस मिनिटांनी थांबून आत हात घालून बघा. लाळ घट्ट, हिरड्या लालभडक, चाल डगमगती दिसली तर प्रवास तिथेच संपला: अंग पाण्याने भिजवायचं, वारा घालायचा आणि तडक पशुवैद्यकाकडे. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना उन्हात या वाटेला नेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

उतार मात्र काय सुंदर होता! वळकटीमुळे ट्रेलर रेषेत, मोतीचे कान मागे, माझे पाय मोकळे. तरी सांगते, ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतात. थांबताना तो मागून ढकलतो आणि वळणात ब्रेक दाबला तर सायकलचा मागचा भाग बाहेर फेकतो. वळणाआधी, सायकल सरळ असतानाच वेग उतरवा. माझ्या ट्रेलरच्या पुस्तिकेत सरळ रस्त्याला ताशी 24 आणि वळणाला ताशी 8 किलोमीटर ही मर्यादा दिली आहे. घरी वाचताना मला ती भित्र्या माणसाने लिहिल्यासारखी वाटली होती. आता मी ती अक्षरशः पाळते. ब्रेक सतत घासत ठेवू नका, दाबा आणि सोडा, आणि मधे थांबून डिस्क थंड होऊ द्या. बोटाने तपासायला जाऊ नका, भाजतं.

थांबल्यावर पुढच्या ब्रेकच्या दांडीला जाड रबर किंवा वेलक्रोची पट्टी आवळा. कुत्रा चढता-उतरताना सायकल पुढे पळते, नुसता स्टँड पुरत नाही. ट्रेलरच्या 20 इंची चाकाची ट्यूब वेगळी घ्या. सायकलची त्यात चालत नाही, आणि व्हॉल्व्हही बहुधा मोटारीसारखा जाड असतो, तेव्हा पंप दोन्हीला बसतो का ते आधी बघा.

ज्यांना फक्त सामान न्यायचं आहे त्यांनी दोनचाकी घेऊच नका. एकचाकी घ्या, तो त्या कालव्यावरूनही गेला असता. ज्यांना कुत्रा न्यायचा आहे त्यांना दोनचाकीला पर्याय नाही. पण मग फक्त डांबर धरा, आणि निघायच्या आधी किमान तीन आठवडे सवय लावा. आधी घरात उभ्या ट्रेलरमध्ये झोपू द्या, मग हाताने ओढा, मग मोकळ्या रस्त्यावर दहा मिनिटं. मोतीला मी एवढं केलं होतं, म्हणूनच पडल्यानंतरही ती अर्ध्या तासात परत आत बसली. त्या दिवशी माझ्या नियोजनातली तेवढी एकच गोष्ट बरोबर निघाली.

घरी आल्यावर ट्रेलर उलटा करून चाकं फिरवली. उजव्या चाकाचे तीन स्पोक सैल आणि रिममध्ये लहर. तुम्हीही परतल्या दिवशीच बघा, पुढच्या वेळेवर ठेवू नका.