तुम्ही विचारलंत म्हणून: आंबोलीला कधी जाऊ?

मे संपत आला की माझा फोन सुरू होतो. ऑफिसमधले, सोसायटीतले, कॉलेजच्या ग्रुपवरचे, आणि एकदा तर मुलाच्या रिक्षावाल्या काकांनीही विचारलं, "ताई, आंबोलीला कधी जाऊ, म्हणजे धुकं पण मिळेल आणि सगळं दिसेल पण?" माझं माहेर सावंतवाडी, म्हणून हे खातं कायमचं माझ्याकडे. दरवेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

सगळ्यात आधी मॅपवर नीट बघा. नुसतं आंबोली टाकलंत तर अंधेरीची आंबोली पण येते, आणि आमच्या एका मित्राने पुण्याहून निघताना खरंच तीच लावली होती, लोणावळा गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. तुम्हाला हवी ती सिंधुदुर्गातली, सावंतवाडीहून तीसेक किलोमीटर वर, घाटमाथ्यावर.

आता प्रश्नाचं उत्तर. धुकं मिळणं आणि सगळं दिसणं हे एकत्र होत नाही हो. होतं ते योगायोगाने, पाच-दहा मिनिटं. कारण पावसाळ्यात आंबोलीला जे असतं ते धुकं नसतंच, तो ढग असतो. समुद्रावरून आलेला ओला वारा सह्याद्रीला येऊन धडकतो, त्याला पुढे जायला वाव नसतो म्हणून वर चढतो, चढताना गार होतो, आणि आंबोली नेमकी तिथेच बसलीय, ६९० मीटरवर, ढगाच्या पोटात. वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, म्हणजे पुण्याच्या जवळजवळ दहापट. आणि गंमत म्हणजे तोच रस्ता धरून आजऱ्यावरून गडहिंग्लजला जा, पाऊस असा आटत जातो की तिथे पोचेपर्यंत तुम्ही वायपर बंद केलेला असतो. थंडीतलं धुकं वेगळं, ते सकाळचं असतं आणि ऊन चढलं की जातं. पावसाळ्यातला ढग वाऱ्यावर असतो, त्याला सकाळ-दुपार काही कळत नाही.

हे मला माहीत असूनही मी स्वतः माती खाल्लेली आहे. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात सासरच्या मंडळींना माझं कोकण दाखवायचं म्हणून नऊ जणांची टेम्पो ट्रॅव्हलर, जुलैचा शनिवार-रविवार (तेव्हा अक्कल नव्हती), आणि नणंदेच्या नवऱ्याच्या हातात प्रिंट काढलेली पॉइंटची यादी. कावळेसाद, महादेवगड, मुख्य धबधबा, नांगरतास, हिरण्यकेशी, सगळं वेळेसकट. कावळेसादला उतरलो तर समोर पांढरी भिंत. रेलिंग दिसत होतं आणि रेलिंगनंतर जग संपलेलं. सासूबाई छत्री सावरत म्हणाल्या, "इथे बघायचं काय असतं?" कणीसवाल्याने शांतपणे सांगितलं, "दरी हा, समोरच." खाली पडणारं पाणी वाऱ्याने उलटं वर येतं ते बघायला आलो होतो, ते तोंडावर लागत होतं पण दिसत नव्हतं. पंधरा मिनिटांत यादीवाल्यांनी सगळ्यांना गाडीत कोंबलं कारण पुढचा पॉइंट होता. मी तेव्हा म्हणायला पाहिजे होतं की थांबा, अजून एक कणीस खा, वारा फिरला की ढग फाटतो. पण नवी सून, कुठे बोलणार. महादेवगडला तीच पांढरी भिंत. आणि रविवारी मुख्य धबधब्यावर तर इतकी गर्दी की पाण्यापेक्षा माणसंच जास्त वाहत होती, अर्धा तास गाडी जागची हलली नाही.

त्यामुळे माझं पहिलं सांगणं, यादी करू नका, आणि शनिवार-रविवार तर नकोच. मंगळवारी जा, बुधवारी जा, सुट्टी टाका. दोन रात्री तरी राहा. सकाळी येऊन संध्याकाळी परत गेलात तर तुम्ही फक्त ढग बघून आलात.

महिना कुठला ते तुम्हाला काय हवंय त्यावर आहे. मेच्या शेवटचे वळीव ते जूनचा मध्य, तेव्हा बेडकांचा सीझन. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळावर, जी उथळ डबकी साठतात त्यात आंबोली टोड नावाचा भेक अंडी घालतो, अंगावर वाघासारखे पट्टे, म्हणून त्याच्या शास्त्रीय नावातही वाघ आहे, आणि तो अतिशय दुर्मिळ आहे. रात्री रस्त्यावर पण येऊन बसतो, तेव्हा गाडी हळू. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी भरपूर, दिसणं कमी, कपडे वाळणं शून्य. सप्टेंबर मला स्वतःला सगळ्यात आवडतो, ढग फाटायला लागतो, धबधबे अजून असतात, सडे फुललेले असतात. फक्त गणपतीच्या मागेपुढे कोकण रेल्वेचं तिकीट मिळेल हे विसरा, तेव्हा अख्खी मुंबई घरी चाललेली असते. एरवी दादरहून तुतारी थेट सावंतवाडीपर्यंत येते, पुढे एसटी आहे. पावसाळ्यात कोकण रेल्वे वेग कमी करते, वेळापत्रक वेगळं असतं, तेवढं बघून घ्या.

गाडीने येणाऱ्यांनी निपाणीकडून आजरा किंवा कोल्हापूरहून गडहिंग्लज-आजरा. आजऱ्यात घनसाळ तांदूळ घ्या, वासावरून कळेल. घाटात अंधार पडायच्या आत पोचा. ढगात शिरल्यावर लोक अप्पर लावतात, तो लावला की प्रकाश उलटा तुमच्याच डोळ्यात येतो आणि समोर नुसतं दूध दिसतं. डिपर ठेवा, वळणावर हॉर्न द्या, आणि चारी इंडिकेटर लावून चालवू नका हो, मागच्याला तुम्ही थांबलाय की वळताय तेच कळत नाही. दरड येते कधीकधी, निघायच्या आधी मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून विचारा. घाट बंद असेल आणि तुम्हाला खाली कोकणातच उतरायचं असेल तर राधानगरीवरून फोंडा घाट आहे. आणि कावळेसादला रेलिंगच्या पलीकडे जाऊ नका, फोटोसाठी पण नको, तिथून माणसं गेलेली आहेत.

सामानात छत्री आणली तरी चालेल पण वाऱ्यात ती तुम्हाला सांभाळणार नाही, तुम्ही तिला सांभाळाल. रेनकोट, जास्तीचे मोजे, जळवांसाठी मीठ, रोख पैसे आणि चांगली टॉर्च. टॉर्च विसरलात तर ट्रिप वाया. आणि मासे खायला म्हणून पावसात येत असाल तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, ताटात ताजा सुरमई आला तर तो कुठल्या बर्फातला ते विचारा. त्यापेक्षा सुका बांगडा भाजून, कुळथाची पिठी, गरम भात, मिळाली तर अळंबी. त्या हवेत पिठी जी लागते ना, ती पुण्यात मी कितीही केली तरी लागत नाही.

हिरण्यकेशीला मात्र ढगात पण जाता येतं कारण तिथे बघायचं ते हातभर अंतरावर आहे. गुहेतून पाणी येतं, तिथेच देऊळ, आणि तीच नदी पुढे पूर्वेकडे वळून घटप्रभेला मिळते, म्हणजे अरबी समुद्र डोंगराखाली असताना हे पाणी पार बंगालच्या उपसागराला जातं. त्या पाण्यात एक छोटा मासा सापडला, २०२० मध्ये नवीन जात म्हणून त्याची नोंद झाली, नावही नदीवरूनच, शिस्टुरा हिरण्यकेशी. २०२१ मध्ये सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. तर तिथे पाय धुवायला साबण काढू नका प्लीज, मी बघितलंय लोकांना.

त्या पहिल्या ट्रिपचं राहिलंच. संध्याकाळी सगळे वैतागून खोल्यांत गेलेले, लाइट गेलेले. सासूबाई पडवीत बसल्या होत्या. तिथे काम करणारा मुलगा म्हणाला, "आजी, मागे येता?" आणि टॉर्च घेऊन आम्हा दोघींना घेऊन गेला. मागे सिमेंटची पाण्याची टाकी, तिच्यावर झुकलेली फांदी, फांदीला पानं गुंडाळून पांढऱ्या फेसाचा गोळा. बाजूला हिरवागार बेडूक, बोटांमधली कातडी केशरी-लाल. तो उडता बेडूक, मलबार ग्लायडिंग फ्रॉग. फेस त्याच्या मादीने केलेला, आत अंडी, पिल्लं झाली की फेस विरतो आणि ती टपाटप खाली पाण्यात पडतात. पलीकडच्या झुडपात एक चापडा, म्हणजे विषारी साप, पण होता, तो मुलगा म्हणाला हा चार दिवस तिथेच आहे, हात लावू नका म्हणजे झालं. सासूबाई, ज्या घरात पाल दिसली तर खुर्चीवर चढतात, त्या अर्धा तास तिथे उभ्या. गुडघे दुखतात हे पण विसरल्या. आत येऊन आधी सगळ्यांना उठवलं, आणि मग नऊ जण एका टॉर्चमागे रांगेत.

तेव्हापासून माझी पद्धत अशी की दिवसा जे दिसेल ते दिसेल, रात्री कोणीतरी इथला जाणकार सोबत घेऊन फिरायचं. रस्त्याच्या कडेला, कंपाउंडमध्ये, कुठेही. ढग असला तरी टॉर्चचा प्रकाश हातभर पोचतो, आणि तेवढ्यात खूप काही मावतं. मधून टॉर्च बंद करून बघा, नशीब असेल तर कुजलेल्या लाकडावर हिरवट चमकणारी बुरशी दिसते.

बुकिंगला फोन कराल तेव्हा गीझर आहे का ते नंतर विचारा. आधी विचारा, मागे पाण्याची टाकी आहे का, आणि तिच्यावर झाड आहे का.