गुरुजींचे 8,400 रुपये

डिसेंबर 2024. कराडच्या माझ्या विमा एजन्सीच्या ऑफिसात गुरुजी पासबुक घेऊन आले ते उभ्यानेच बोलू लागले. "नऊ लाख वीस हजार येणार होते ना रे? 8,400 कमी कसे?"

आठवीत त्यांनी मला गणित शिकवलं. 2014 मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा फंडाच्या पैशातून पाच लाखांची सिंगल प्रीमियम पॉलिसी मीच त्यांच्या गळ्यात घातली. एकदाच भरा, दहा वर्षांनी घ्या, आणि मॅच्युरिटी पूर्ण टॅक्स-फ्री! हे शेवटचं वाक्य तेव्हा माझ्या तोंडातच बसलं होतं.

फाइल काढली. विमा रक्कम सव्वासहा लाख. बघताक्षणी पोटात गोळा आला. 1 एप्रिल 2012 पासूनच्या पॉलिसीला 1961 च्या प्राप्तिकर कायद्यातली कलम 10(10डी)ची सूट, म्हणजे करमुक्त मॅच्युरिटी, हवी असेल, तर वर्षाचा प्रीमियम विमा रकमेच्या 10 टक्क्यांच्या आत लागायचा. त्याआधी, 2003 पासून, ही मर्यादा 20 टक्के होती. इथे 10 टक्के म्हणजे साडेबासष्ट हजार, आणि गुरुजींनी भरले होते पाच लाख. म्हणजे पॉलिसी विकली त्या दिवसापासूनच ती टॅक्स-फ्री नव्हती. हल्ली गिऱ्हाईक एप्रिल 2023 पासूनच्या नियमाबद्दल, म्हणजे वर्षाचा प्रीमियम पाच लाखांवर गेला की मॅच्युरिटीवर कर, याबद्दल हटकून विचारतं. हा जुना नियम मात्र कोणाच्या गावी नसतो. माझ्याही नव्हता.

"4,20,000 नफ्यावर दोन टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला कर," मी म्हणालो. "ऑक्टोबरच्या आधी मॅच्युअर झाली असती तर पाच टक्क्यांनी 21,000 कापले असते."

"म्हणजे वाचलोच म्हणायचं!"

वाचले नव्हते. टीडीएस हा फक्त बयाणा. त्यांनीच कागद ओढला. पेन्शन 5,40,000, त्यातून 75,000 ची स्टँडर्ड वजावट, राहिले 4,65,000. त्या वर्षी नव्या कर पद्धतीत सात लाखांपर्यंत रिबेट होता, म्हणून एरवी टॅक्स शून्य. त्यात 4,20,000 मिळवले की 8,85,000. रिबेट गेला. टॅक्स सेससह 40,040. टीडीएस वजा जाता 31,640 अजून भरायचे. माझ्यापेक्षा त्यांचं उत्तर आधी आलं.

"शेजारचा म्हणत होता, टीडीएस कापू नका म्हणून सांगणारा 15एच फॉर्म दिला असता तर काहीच कापलं नसतं."

"टॅक्स शून्य असेल तरच तो देता येतो, गुरुजी. तुमचा शून्य नाही." निदान ज्येष्ठ नागरिक म्हणून आगाऊ कराची कटकट नाही, रिटर्नच्या वेळी भरलं तरी चालेल, एवढंच काय ते मी सांगू शकलो.

"आणि मी मेलो असतो तर?"

"मग सगळी रक्कम करमुक्त."

ते खो खो हसले. मला हसू येईना. त्या पॉलिसीवर दोन टक्क्यांनी 10,000 कमिशन घेतलं होतं मी. ते परत द्यायचं मनात आलं आणि तोंडावर आलं नाही, हेही लिहून टाकतो.

जाताना दारात थांबून म्हणाले, "माझं राहू दे. अशा आणखी किती विकल्यास?"

दुपारी शटर अर्धं ओढून जुनी रजिस्टरं काढली. सिंगल प्रीमियम, 2012 नंतरच्या. अकरा निघाल्या. चार त्याच वर्षी मॅच्युअर होणार होत्या. पहिला फोन लावला, तर पलीकडून आनंदाने विचारलं, "काय, पैसे जमा झाले का?"