प्रकाशातली गाठ: ट्रेफॉइल अखेर बंद झाली

प्रकाशाच्या एका गणिती क्षेत्रातली चुंबकीय रेषा संगणकावर काढून तिची ट्रेफॉइल, म्हणजे तीन पाकळ्यांची साधी गाठ, पाडायची होती. रविवारी रात्री एक वाजता रेषा निघाली तिथेच परत आली. टोकांमधलं अंतर ०.०००१ च्या आत. घरात सगळे झोपलेले, त्यामुळे आनंद मनातच ठेवला.

हॉप्फिऑन नावाचं सोपं क्षेत्र आधीच काढून झालं होतं. रान्याडा यांनी १९८९ मध्ये मांडलेलं हे क्षेत्र: प्रत्येक चुंबकीय रेषा वर्तुळ (एक सोडून, ती सरळ अनंतात जाते) आणि कुठलीही दोन वर्तुळं साखळीच्या कड्यांसारखी एकमेकांत अडकलेली. आता गाठ हवी होती. त्यासाठी केडिया, बियालिनिकी-बिरुला, पेराल्टा-सालास आणि अर्विन यांची २०१३ ची कृती घेतली: अल्फा आणि बीटा ही जागा-वेळेवर अवलंबून असलेली दोन संमिश्र फलनं; अल्फाचा वर्ग, बीटाचा घन, दोघांचे ग्रेडियंट (बदलाचा दर आणि दिशा) आणि त्यांचा क्रॉस गुणाकार. वास्तव भाग विद्युत क्षेत्र, काल्पनिक भाग चुंबकीय. पायथनमध्ये वीस-बावीस ओळी.

मग तीन संध्याकाळी वाया गेल्या. वेळ शून्य धरून (२, ०, ०) पासून चुंबकीय रेषा सोडली. तीन पाकळ्या काढून ती परत यायची, पण जरा बाजूला. दहा फेऱ्यांनी पडद्यावर नुसतं सुतळीचं वेटोळं. रेषा पायरी-पायरीने पुढे नेण्याची ऑयलरची ढोबळ पद्धत सोडून रुंगे-कुट्टाची अचूक पद्धत लावली, पायरी ०.०१ वरून ०.००१ वर आणली. लॅपटॉपचा पंखा घोंघावत राहिला, वेटोळं तसंच.

कोडमध्ये चूक नव्हतीच! (२, ३) च्या, म्हणजे अल्फाचा वर्ग आणि बीटाचा घन घेतलेल्या, क्षेत्रात सगळ्या रेषा बंद होत नाहीत. बहुतेक रेषा गाठ पडलेल्या नळीच्या पृष्ठभागावर फिरत राहतात. नळीच्या गाभ्यातली रेषा तेवढी स्वच्छ ट्रेफॉइल. गाभा सापडतो तो अल्फाच्या मापाचा वर्ग २/५ आणि बीटाच्या मापाचा वर्ग ३/५ असतो तिथे. एक्स-अक्षावर बाहेरच्या बाजूने हे उत्तर २.१०७ येतं. मी २ वरून निघालो होतो, म्हणजे गाभ्याला खेटून.

(२०१० मधल्या लेझरच्या गाठींशी याची गल्लत नको. तिथे गाठ पडते ती प्रकाश शून्य असलेल्या काळ्या रेषांना, क्षेत्ररेषांना नव्हे.)

पडताळा म्हणून सुतळीची ट्रेफॉइल बांधली, टोकं फेविक्विकने चिकटवली आणि स्क्रीनसमोर धरली. प्रत्येक छेदाशी वरचा दोर खाली, खालचा वर. माझी सुतळी म्हणजे पडद्यावरच्या गाठीचं आरशातलं रूप! कितीही ओढाताण केली तरी हिची ती होत नाही. कात्रीने कापून परत बांधली.

पुढच्या वेळी क्षेत्राचं घड्याळ शून्यावरून ०.५ वर नेतो.