दहाला एक, आणि ती एकपण बाथरूममध्ये

आमचं डे केअर कोथरूडला, बहुतेक आईबाबा हिंजवडीला जॉबला. जुलैतला सोमवार, धो धो पाऊस, आणि पोरं यायच्या आधीच मेसेज, एका टीचरच्या मुलीला ताप. दुसरीने आधीच सोडलेलं, मोठ्या शाळेत प्रायमरीला लागली, पगार जवळजवळ दुप्पट आणि सुट्टीचा पण मिळतो, का नाही जाणार. मावशी उत्तमनगरहून येतात, त्या बसमध्ये अडकल्या. म्हणजे टॉडलर रूमला मी एकटी आणि पोरं अकरा, सगळी दोन-अडीचची.

मॅडमना फोन केला तर म्हणाल्या, अगं रिसेप्शनवाली आहे ना, तिला धरून दोघी झालात की, रेशो बसतोय. आता लहान मुलांच्या संगोपन-शिक्षणाच्या २०१३ च्या राष्ट्रीय धोरणात तीनच्या खालच्या दहा मुलांमागे एक मोठं माणूस असं आहे, कागदावर बसलं पण असेल. पण रिसेप्शनवाली फोन आणि गेट सोडून हलत नाही, आणि एकाने शी केली की ती दहाला एकवाली बाई पाच मिनिटं बाथरूममध्येच असते, तेव्हा बाकीच्या दहांना कोण?

मी सगळ्यांनाच उचलून बाथरूमसमोरच्या पॅसेजमध्ये चटईवर बसवलं, दार उघडं ठेवलं आणि आतून मोठमोठ्याने मांजरीचे आवाज काढत नॅपी बदलली. तेवढ्यात एकाने दुसरीच्या दंडाला कडकडून चावलं. नातवाला सोडायला आलेल्या एक आजी पाऊस थांबायची वाट बघत होत्या, म्हणाल्या मी बसते गं आत. पण पोलीस व्हेरिफिकेशन नसलेल्यांना मुलांच्या खोलीत घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे, मला पण माझं पोर तसं कुणाकडे चाललं नसतं. त्यांना नको म्हणताना जीवावर आलं. मावशी आल्या साडेअकराला, चिंब भिजून, आणि पदर खोचून सरळ कामालाच लागल्या.

संध्याकाळी चांदणी चौकातलं ट्रॅफिक पार करून त्या मुलीची आई आली, वळ बघून म्हणाली, तुम्ही कुठे होतात? म्हटलं, दुसऱ्याची नॅपी बदलत होते. ती म्हणाली, एवढी फी घेता मग माणसं का नाही ठेवत? मी काय सांगणार, मॅडमचा नंबर दिला.

शुक्रवारी एक मुलगी इंटरव्ह्यूला आली होती, कोर्स केलेली, बोलायला पण गोड. पगार ऐकून म्हणाली, ताई, आमच्या शेजारची चार घरच्या पोळ्या करून याच्यापेक्षा जास्त कमावते. मॅडम म्हणाल्या, कळवतो.